सितान ज्यारा हिच्या वाट्याच्या कुसकुसाबाबत

पहिली आली ती बेया, माझी शेजारीण, सोमवारी सकाळी सहाला, आणि तीही स्वतःची चाळणी न घेता. हे आधी लिहा. दरवेळी हिचं असंच. “अगं मन्नूबिया, तुझ्याकडे आहेतच की चार,” म्हणाली, आणि जिना चढून सरळ सावलीतली जागा धरून बसली. नाव-गाव मागनं लिहा, मी काही पळून चालले नाही.

बरं, नियमच आहे म्हणता तर आधी तेच घ्या.

नाव मन्नूबिया, सालेम जग्दूद यांची विधवा. वय चौऱ्याहत्तर, कागदावर एकाहत्तर आहे, कारण वडिलांनी माझी नोंद धाकट्या भावाबरोबर एकाच खेपेत उरकली. धंदा घरकाम. राहणार बीर स्लामा, जुन्या तेलघाण्यामागची गल्ली, वळणावरचं दुसरं घर, ज्याच्या गच्चीवर परवापासून पांढऱ्या चादरी पसरल्या आहेत ते. शिक्षण नाही. सही येते.

समक्ष हजर राहून सांगते की, मला कोणी बोलावलेलं नाही. आज बुधवार, तेवीस जुलै, सकाळी साडेआठ वाजता मी आपल्या पायांनी ठाण्यात आले. जबाब लिहून घेणारे हवालदार नूरुद्दीन हे आमच्याच गल्लीतल्या खमीसाबाईंचे नातू. त्यांनी मला खुर्ची दिली आणि विचारलं, “उम्मी मन्नूबिया, सकाळी सकाळी काय काढलंत?” मी सांगितलं, सोमवारी माझ्या घरी कामगार खात्याचे लोक आले होते, त्यांच्या कागदावर मी सही केली, त्या कागदात एक वाक्य आहे, ते मला परत घ्यायचं आहे. ते म्हणाले, “बोललेलं वाक्य परत घेता येत नाही, उम्मी. नवा जबाब देता येतो.” म्हणून हा जबाब.

विचारल्यावरून सांगते की, ज्या मुलीबद्दल हा कागद आहे ती सितान ज्यारा, वय तेवीस, देश माली, गाव सेगू. ती दोन वर्षं पाच महिने माझ्या घरी मागच्या खोलीत भाड्यानं राहते. भाडेकरार तुमच्याच कपाटात आहे, हिरव्या पुठ्ठ्यात. विद्यापीठात अन्न तपासण्याचं शिकते, आता शेवटचं वर्ष. ती आली तेव्हा फेब्रुवारी होता. संध्याकाळ होती, हातात एक बॅग आणि काखेत एक उशी. आधीच्या घरमालकानं खोली रिकामी करायला दुपारपर्यंतचा वेळ दिला होता. काळ्या परदेशी लोकांना घराघरांतून बाहेर काढत होते तो फेब्रुवारी तुम्हालाही आठवत असेल, त्याबद्दल मी जास्त काही सांगत नाही. बेया दारातच होती. ती माझ्या कानाशी म्हणाली, “ठेवून घेतेस? नीट विचार कर.” मी विचार केला नाही. चुलीवर वाटाणे होते, विचार करत बसले असते तर करपले असते.

विचारल्यावरून सांगते की, सितानला जैतुनाचं तेल तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम मिळालं आहे, एक ऑगस्टपासून. ट्युनिशियात परदेशी विद्यार्थ्यानं विद्यापीठाबाहेर काम करायचं तर परवाना लागतो, हे तुम्हाला मी काय सांगायचं. परवान्याआधी काम करताना सापडलं तर परवाना जातो आणि त्याच्या मागोमाग राहायचा कागदही जातो. हे तिनं मला तीन वेळा समजावलं. दोनदा मला कळलंच होतं, पण ती समजावते छान, म्हणून ऐकून घेतलं. अर्ज तिनं एप्रिलमध्ये दिला. विद्यापीठाचा शिक्का झाला, प्रयोगशाळेचा शिक्का झाला, कामगार खात्याचा तेवढा राहिला. त्या एका शिक्क्यासाठी ती दर मंगळवारी बसनं शहरात जाते. परत आली की दारातूनच म्हणते, “उम्मी, पुढच्या मंगळवारी.” मग आम्ही चहा घेतो.

आता सोमवारचं.

सांगते की, पाच वर्षं माझ्या घरी कुसकुसाची बेगमी झाली नव्हती. त्याआधी सात घरांची व्हायची. वर्षाचा रवा एकदाच भिजवायचा, वळायचा, चाळायचा, वाफवायचा आणि गच्चीवर वाळवायचा. माझा मुलगा मुन्सिफ फ्रान्समध्ये ग्रेनोबलला असतो, त्याचा वाटाही त्यातच. तो निघाला की त्याच्या बॅगेत मी आधी कुसकुस भरायचे, मग उरलेल्या जागेत त्यानं त्याचे कपडे बसवायचे. मग एका वर्षी तो म्हणाला, “अगं आई, इथं दुकानात मिळतो. कशाला ओझं?” दुकानात मिळतो, ते खरंच आहे. मी चाळण्या माळ्यावर टाकल्या.

या जूनमध्ये सितान पंखा काढायला माळ्यावर चढली आणि पंखा न घेताच खाली आली. हातात चाळणी. नाकाला लावलेली.

“उम्मी, ही कुसकुसाची ना?”

“मग कसली? तुमच्याकडे नसते का?”

“असते. माझ्या आजीची. पण ती बाजरीचा करते.”

“बाजरीचा! आणि धरतो का गं तो?”

“हात पाहिजे,” म्हणाली.

चाळणी तिनं उपडी केली, तिच्यावर बोटांनी थोडं वाजवलं, आणि मग ती पंख्याबद्दल विसरली. या उन्हाळ्यात आम्ही पंख्याशिवायच झोपतोय. चार वर्षं झाली, ती घरी गेलेली नाही.

यंदा बेगमी करायची हे त्याच आठवड्यात ठरलं. मी मुन्सिफला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “कुणासाठी?” लाइनमध्ये खरखर होती, त्यामुळे मी काही बोलले नाही.

सोमवार, एकवीस जुलै. सहाला बेया आली, ते सांगितलंच. सातपर्यंत मला धरून नऊ बायका गच्चीवर झाल्या. रवा मोठ्या लाकडी परातीत, मिठाचं पाणी तांब्यात. एक शिंपडते, दुसरी वळते, तिसरी चाळते. आम्ही तळवा दाबून फिरवतो. सितान बोटं उचलून फिरवते, परातीत कोणीतरी झोपलंय आणि त्याला जाग येऊ द्यायची नाही असं. दाणे पडले ते खसखशीएवढे.

बेया म्हणाली, “अगं बाई, हे काय! मुंग्यांच्या लग्नाचं जेवण करतेस का?”

सितान मान वर न करता म्हणाली, “हो मावशी. तुमचं हत्तींकडचं आहे ना, दोन्ही पंगती व्हायला हव्यात.”

गच्ची हसली. बेयाही हसली, पण तिनं नंतर आपले मोठे दाणे हळूच चाळणीखाली सारले, ते मी पाहिलं. हे लिहू नका. नूरुद्दीन म्हणतात, “उम्मी, जे बोललात ते मला लिहावंच लागतं.” मग लिहा. ती काही ठाण्यात येऊन वाचणार नाही.

सव्वादहाला दोन माणसं जिना चढून वर आली. बेगमीच्या दिवशी आम्ही दार लोटत नाही. एक पुरुष, श्री. लस्साद, काखेत फाईल. एक बाई, रतीबाबाई, पायात ठक-ठक वाजणाऱ्या चपला. दोघंही घामाघूम.

इथं रीत सांगायला हवी, म्हणजे साहेब लोकांना कागद वाचताना कळेल. आमच्या गल्लीत बेगमीच्या दिवशी जो कोणी जिना चढून वर आला त्यानं परातीत हात घालायचा आणि जाताना आपला वाटा घेऊन जायचा. पोस्टमन आला तरी त्याचा वाटा. मीटर वाचणारा आला तरी त्याचा. एका वर्षी नळ दुरुस्त करणारा चुकून दुसऱ्याच्या घराऐवजी माझ्याकडे आला, तो तर दोन तास राहिला आणि जाताना बायकोसाठी वेगळं बांधून घेऊन गेला. कोण आहात, कशाला आलात, हे वाटा देईपर्यंत विचारायचं नसतं, बरं दिसत नाही. म्हणून मी विचारलं नाही. ती माझी पहिली चूक. चूक म्हणून लिहा, पण रीत चुकीची असं लिहू नका.

मी म्हटलं, “या, या, उन्हात काय उभे राहिलात!” बदाम घातलेलं लिंबाचं सरबत दिलं. आता गच्चीवर अकरा माणसं झाली होती. मी मोजली. मला मोजायचीच होती. शेवटची अकरा माणसं माझ्या गच्चीवर कधी होती ते मला नक्की सांगता येईल, पण त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

श्री. लस्साद यांनी सरबत संपवलं आणि विचारलं, “इथं काम कोण करतं?”

मला वाटलं, कौतुकानं विचारतोय. माणसानं गच्चीभर पांढराशुभ्र कुसकुस पाहिला की तो हेच विचारतो. मी सितानच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, “ही! पहाटेपासून हीच करते. आम्ही आठजणी मिळून करत नाही तेवढं ही एकटी करते. माझ्या सुनेला दहा वर्षांत हा हात जमला नाही.”

“आणि हिला काय मिळतं?”

“हिचा वाटा! सगळ्यात मोठा. हक्काचा आहे तो तिचा.”

ते लिहू लागले. सितान उठून उभी राहिली होती. हात पिठानं माखलेले म्हणून तिनं ते अंगापासून लांब धरले होते. ती म्हणाली, “उम्मी, थांब.” मी म्हटलं, “थांबू कशाला? खोटं आहे का यातलं काही?” ती परत “उम्मी” म्हणाली.

मग त्यांनी कागद माझ्यापुढे केला. इथं माझी दुसरी चूक. जन्मभर मी अंगठा दिला. नवऱ्याच्या कागदांवर अंगठा, घराच्या कागदावर अंगठा, मुन्सिफच्या पासपोर्टच्या अर्जावरही. अंगठा देताना, कागद कोणाचाही असो, मी आधी म्हणायचे, “वाचून दाखवा.” गेल्या हिवाळ्यात सितानने मला सही शिकवली. परातीत रवा पसरायची आणि माझं बोट धरून त्यात फिरवायची. बिघडलं की परात हलवायची, रवा पुन्हा सपाट. रवा वाया जात नाही, त्याचीच संध्याकाळी भाकरी. सही येणाऱ्या माणसाला कोणी कागद वाचून दाखवत नाही, आणि मानापायी तोही मागत नाही. मी पेन घेतलं आणि मोठ्या झोकात नाव लिहिलं, सितानकडे बघत, की बघ, एकही वळण चुकलं नाही. बायकांनी लग्नात करतात तसा जिभेचा गजर केला. बेयाचा गजर तेलघाण्यापर्यंत गेला असेल.

कागदाची नक्कल सितानने मला दुपारी वाचून दाखवली. “सदर परदेशी विद्यार्थिनी पहाटेपासून काम करताना आढळली, मोबदला वस्तुरूपात, घरमालकिणीस मान्य.”

“वस्तुरूपात म्हणजे काय गं?”

“कुसकुस, उम्मी.”

विचारल्यावरून सांगते, हे सगळं चाललेलं असताना रतीबाबाई काय करत होत्या ते. त्यांनी आधी इकडे तिकडे पाहिलं. मग चपला काढल्या. मग बाह्या वर सारल्या आणि सितानने सोडलेल्या जागेवर परातीपाशी बसल्या. वीस मिनिटं बसल्या. हात बरा आहे, थोडा गंजलाय. म्हणाल्या, “आईकडे व्हायचं हे. आता फ्लॅट आहे, गच्चीला कुलूप असतं.” श्री. लस्साद दोनदा म्हणाले, “निघायचं का, मॅडम?” त्यांनी दोन्ही वेळा, “हा एवढा चाळून होऊ दे,” म्हटलं.

निघताना दोघांनाही मी त्यांचा वाटा दिला. श्री. लस्साद म्हणाले, “आम्हाला असं घेता येत नाही.” मी म्हटलं, “जिना चढलात ना?” मग थोडा विचार करून ते म्हणाले, “ठीक, पुरावा म्हणून घेतो.” मी म्हटलं, नाव काय ठेवायचं ते तुम्ही ठेवा. पिशवीवर त्यांनी लगेच चिठ्ठी चिकटवली.

जिन्यात ते मला म्हणाले की, त्यांच्या कचेरीत फोन आला होता, तेलघाण्यामागच्या गल्लीत एक म्हातारी परदेशी मुलीला राबवते. फोन कोणी केला ते मला ठाऊक आहे. नाव सांगणार नाही. त्याच्या बायकोला काल वाटा पाठवला. तिनं भांडं रिकामं परत केलं नाही, त्यात चार अंजिरं घातली होती, म्हणजे तिला ठाऊक नसावं.

नूरुद्दीन यांनी विचारलं, “उम्मी, सितानशी तुमचं नातं काय? नातं असेल तर घरचं काम धरता येईल.”

“ती भाडेकरू, मी घरमालकीण.”

“पण ती तुम्हाला उम्मी म्हणते, म्हणजे आईच.”

“तूही म्हणतोस.”

त्यांनी कागदावर नात्याच्या जागी बोट ठेवलं. मग म्हणाले, “काहीतरी लिहावं लागेल.”

म्हणून सांगते की, मुन्सिफ एकोणीस वर्षांचा असताना ग्रेनोबलला शिकायला गेला. तिथंही बाहेर काम करायला परवाना लागायचा, आठवड्याला इतकेच तास. तो एका खानावळीत भांडी घासायचा. त्यानं मला हे दोन वर्षांनी सांगितलं, आधी वाचनालयात आहे म्हणाला होता. त्या खानावळीत स्वयंपाक करणारी एक बाई होती. ती रविवारी त्याला घरी बोलवायची, सूप द्यायची, आणि तो तिचे बटाटे सोलून द्यायचा. तो हिवाळा त्यानं त्या सुपावर काढला. त्या बाईला कोणी कागद घेऊन विचारायला आलं नव्हतं, की बटाटे सोलणारा हा तुझा कोण. मी मुन्सिफला तिचं नाव दोनदा विचारलं, मला तिला एक पिशवी पाठवायची होती. पहिल्यांदा म्हणाला, नंतर सांगतो. दुसऱ्यांदा म्हणाला, आता आठवत नाही. ती पिशवी राहिली. नात्याच्या जागी हे लिहा.

विचारल्यावरून सांगते की, सितान सध्या माझ्या घरी नाही. सोमवारी दिवस मावळायच्या आत तिनं बॅग भरली. म्हणाली, “चौकशी संपेपर्यंत मैत्रिणीकडे राहते, उम्मी. माझ्यापायी तुझ्या दारात परत फाईल यायला नको.” मी म्हटलं, “फाईल आली तर येऊ दे, सरबत आहे.” ती हसली नाही. मी म्हटलं, जेवून जा. जेवून गेली. थोडंच जेवली. जाताना काखेत उशी, आली होती तीच. बसथांब्यापर्यंत मी गेले नाही, चादरी उघड्या होत्या, कबुतरं येतात.

तिचा वाटा तिच्या पलंगावर होता. नेला असता तर मजुरी घेतली असं झालं असतं, म्हणून ठेवला असावा. माझ्याशी त्याबद्दल बोलली नाही. पण मी पिशवीला दुहेरी गाठ मारते. ही एकेरी होती. उघडून पाहिलं तर वरच्या अंगाला मूठभर कमी.

नूरुद्दीन यांनी मान वर केली. “म्हणजे तिनं घेतला?”

“मूठभर.”

“उम्मी, हे तुम्ही मला का सांगताय?”

“वाचून दाखवशील तेव्हा सगळं असलं पाहिजे. सोमवारी अर्धंच लिहिलं म्हणून तर हे झालं.”

त्या मुठीचं असं आहे. तिच्या गावचा एकजण ऑगस्टमध्ये सेगूला जाणार आहे. तिनं मला आधीच विचारलं होतं, “उम्मी, माझ्यातला थोडा आजीला पाठवू? खायला नाही. दाखवायला. हात विसरले नाही, एवढं तिला कळू दे.” मी म्हटलं होतं, मूठभर कशाला, किलोभर पाठव. ती म्हणाली, मूठ पुरे, ती तळहातावर घेऊनच बघणार. म्हणून त्या मुठीला मजुरी म्हणायचं असेल तर असं लिहा की, पिशवी मी सैल बांधली होती आणि थोडा सांडला.

राहिलेला मी चादरीवर ओतला नाही. दारामागे तिची एक पिवळी ओढणी राहिली आहे. तिच्यावर वेगळा पसरला आहे, पाण्याच्या टाकीजवळ, जिथं ऊन उशिरापर्यंत राहतं. रोज दोनदा हात फिरवते. बोटं उचलून.

आता माझं म्हणणं असं आहे, आणि हे ठळक लिहा. वाटा म्हणजे मजुरी असेल तर सोमवारी माझ्या घरी दहाजणांनी मजुरी केली. त्यात कामगार खात्याचे दोघे. रतीबाबाईंनी वीस मिनिटं काम केलं आणि मोबदला वस्तुरूपात घेतला, माझ्या डोळ्यांदेखत. त्यांच्याकडे माझ्या गच्चीवर काम करायचा परवाना होता का, ते विचारा. पोस्टमनलाही विचारावं लागेल. आणि नूरुद्दीन, तुम्ही सहावीत असताना पतंग काढायला माझ्या गच्चीवर आला होतात. दोन चाळण्या चाळल्यात आणि आजीसाठी वाटा घेऊन गेलात. बालकामगार ठेवला म्हणून माझ्यावर गुन्हा लिहायचा का?

नूरुद्दीन यांनी पेन खाली ठेवलं. शेजारच्या टेबलावरचे हवालदार उगाच खोकले. नूरुद्दीन म्हणाले, “तीन चाळण्या होत्या.” मग त्यांनी फोन घेतला.

माझ्यासमोर त्यांनी कामगार खात्यात फोन केला, वेळ सकाळी नऊ पन्नास. रतीबाबाई फोनवर आल्या. नूरुद्दीन यांनी त्यांना विचारलं की, सोमवारची पिशवी कुठं आहे. मग त्या म्हणाल्या, “शिजवली.” नूरुद्दीन म्हणाले, “सगळी?” त्या म्हणाल्या, “मुलांनी ताटं चाटूनपुसून ठेवली. माझ्या नवऱ्यानं विचारलं, आई आली होती का.” हे मला ऐकू आलं, कारण नूरुद्दीन यांनी फोन माझ्याकडे तिरका धरला होता.

श्री. लस्साद यांची पिशवी मात्र सील करून कपाटात ठेवलेली आहे, असंही त्या म्हणाल्या. मी तिथल्या तिथे ओरडून सांगितलं की, तो ओला आहे. पहिल्या दिवशीचा वाटा ओलाच देतात, घरी नेऊन ज्यानं त्यानं वाळवायचा असतो. सील करून ठेवला तर बुरशी धरेल, आणि मग म्हणतील उम्मी मन्नूबियाच्या घरचा कुसकुस खराब. रतीबाबाईंनी श्री. लस्साद यांना हाक मारली. पलीकडे बरंच काही हललं, खुर्च्या सरकल्या. मग त्या म्हणाल्या, “फायलींच्या पाठीवर पसरलाय, पंख्याखाली. आता दोन दिवस कोणाची फाईल उघडता येणार नाही.” मी म्हटलं, मधून मधून हात फिरवायला सांगा.

त्यानंतर रतीबाबाई सावकाश बोलल्या. त्या म्हणाल्या की, कागदावर सही त्यांचीही आहे, आणि त्यांनीही तो वाचला नव्हता, हात माखलेले होते. हा नवा जबाब मिळाला की ते दोघं फाईल घेऊन पुन्हा माझ्या घरी येतील, सितानच्या समक्ष विचारतील, आणि रीत ती रीतच आहे अशी त्यांची खात्री पटली तर राहिलेला शिक्का तिथंच मारतील. मी म्हटलं, एक ऑगस्टच्या आत या. त्या म्हणाल्या, आत येऊ. मी म्हटलं, दिवस सांगा. त्यांनी सांगितला.

नूरुद्दीन यांनी मग सितानलाही फोन लावून दिला. असं करायचा नियम नाही, हे त्यांनी मला सांगितलं. ती आधी घाबरली, ठाण्याचा नंबर पाहून. मी म्हटलं, “मीच आहे गं. खुर्चीत बसलेय. चहा दिलाय यांनी, पण साखर बेताचीच.”

“उम्मी, तू तिथं काय करतेस?”

“बोलतेय.”

“किती वेळ?”

“साडेआठपासून.”

ती म्हणाली, “या अल्ला.” नूरुद्दीन खिडकीकडे पाहत होते. मग तिनं विचारलं, “माझा वाळला का?”

मी म्हटलं, “वाळतोय. तुझ्याच ओढणीवर. तुझी मूठ वाळली का?”

मग म्हणाली, “खिडकीत ठेवलीय.”

मी तिला दिवस सांगितला. ती म्हणाली, येते. कोणाच्याही आधी येते म्हणाली.

हा जबाब मी सांगत गेले तसा नूरुद्दीन यांनी लिहिला. मागितल्यावर त्यांनी तो मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला, आणि मी म्हटल्यावरून पुन्हा एकदा, सावकाश. एके ठिकाणी बेयाने चाळणी आणली असं झालं होतं, ते खोडून घेतलं. बाकी जसं बोलले तसं उतरलं आहे, लिहू नका म्हटलेलंसुद्धा, आणि आता ते राहू दे. वाचून झाल्यावर मी सही केली आहे, आधी नाही. अंगठा द्यायची गरज पडली नाही.

पुढच्या भेटी नूरुद्दीन यांनी खाली लिहून ठेवायला सांगितल्या, त्या अशा. माझा मुलगा मुन्सिफ: उन्हाळ्यात येतो म्हणाला आहे, दिवस सांगितलेला नाही, म्हणून लिहिलेला नाही. श्री. लस्साद आणि रतीबाबाई, फाईलसह: गुरुवार, एकतीस जुलै, सकाळी दहा. सितान ज्यारा: गुरुवार, एकतीस जुलै, सकाळी नऊ. म्हणजे पहिली तीच येणार.